दीडशे शब्द आणि समोर मोशे रब्बेनू

मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी बारा वाजता, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये, अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधीगृहाचं कामकाज सुरू करणारी प्रार्थना मी म्हटली. वेळ लागला सव्वा मिनिट. तिथवर पोचायला साडेसात महिने लागले.

त्या साडेसात महिन्यांत मी रात्री-बेरात्री खूप शोधलं. कागद कोणते लागतात, किती थांबावं लागतं, आत काय नेता येतं, डोकं झाकलेलं चालतं का. चार-दोन बातम्या मिळाल्या, फोटो मिळाले, पण आधीच्या धडपडीबद्दल कुणी लिहिलेलं सापडलं नाही. उद्या कुणाला, कुठल्याही धर्माच्या माणसाला, असं बोलावणं आलं तर त्याची माझ्याइतकी घालमेल होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहितेय.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली यहुदी. मूळ गाव अलिबागकडचं, जन्म आणि शिक्षण ठाण्यात. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आमची गोष्ट, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, हे बऱ्याच मराठी वाचकांना माहीत असतं. २००४ साली आम्ही न्यू जर्सीला आलो. इथे मी उशिरा, संसार सांभाळून, हजान होण्याचं शिक्षण घेतलं. हजान म्हणजे सिनेगॉगमध्ये उपासना चालवणारी, प्रार्थना गाणारी व्यक्ती. ठाण्याच्या आमच्या शाआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये बायका माडीवर बसायच्या. खाली तेब्यावर आजोबा उभे राहायचे आणि मी वरून कठड्याला नाक लावून ऐकायचे. तेबा म्हणजे जिथून प्रार्थना म्हणतात तो चौथरा.

ऑक्टोबरात, सिम्हत तोराचा सण होऊन आठवडा झाला असेल, आमच्या मंडळीतल्या एका गृहस्थांनी विचारलं. आमच्या मतदारसंघाच्या काँग्रेस सदस्यांच्या कार्यालयात ते स्वयंसेवक म्हणून जातात. प्रतिनिधीगृहाचा स्वतःचा चॅप्लिन, म्हणजे प्रार्थना चालवणारा धर्मगुरू, असतो, पण अधूनमधून बाहेरचे धर्मगुरू पाहुणे म्हणून येतात. प्रत्येक सदस्याला एका काँग्रेसच्या काळात, म्हणजे दोन वर्षांत, एकाच पाहुण्याची शिफारस करता येते. आमच्या सदस्यांची ती एक शिफारस अजून शिल्लक होती.

मी आधी नको म्हटलं. आमच्या सिनेगॉगात पन्नास-साठ माणसं येतात, तेवढ्यांसमोर उभं राहायची मला सवय. शिवाय मी इथली नागरिक होऊन नऊच वर्षं झालेली. या देशाच्या वतीनं देवाशी बोलायला मी कोण, हे मला मनापासून वाटत होतं.

रात्री आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. कपाटातून आजोबांचं सिद्दुर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं आणि एक पान उघडलं.

त्या पानाबद्दल जरा सांगायला हवं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी तोरा, आमचा मूळ धर्मग्रंथ, वाचून झाली की तो हेखालात, त्याच्या पवित्र कपाटात, परत ठेवायच्या आधी आम्ही राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना म्हणतो. तिचे पहिले शब्द ‘हन्नोतेन तेशुआ लम्लाखिम’, राजांना जो तारतो तो. देवा, राजाच्या आणि त्याच्या सल्लागारांच्या मनात दया घाल, त्यांनी आमच्याशी भलेपणानं वागावं, असं त्यात मागणं असतं. जगभरच्या यहुद्यांनी ही प्रार्थना त्या त्या देशात, त्या त्या राजाचं नाव घालून म्हटली. मुळाशी यिर्मया संदेष्ट्याचं पत्र आहे. बाबिलोनला नेलेल्या बंदिवानांना त्यानं कळवलं होतं की ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं चिंता, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. आणि मिश्ना या आमच्या जुन्या ग्रंथातले रब्बी हनिना याहून स्पष्ट बोलतात. राज्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, त्याचा धाक नसता तर माणसांनी एकमेकांना जिवंत गिळलं असतं.

आजोबांच्या सिद्दुरात त्या जागी छापलंय पंचम जॉर्ज. पणजोबांच्या काळचं पुस्तक ते. त्या नावावर दौतीच्या शाईची रेघ. शेजारी ‘आठवा एडवर्ड’, त्यावरही रेघ, कारण त्यानं वर्षाच्या आत गादी सोडली. मग ‘सहावा जॉर्ज’, रेघ. नंतर अक्षर बदलतं, ते आजोबांचं, आणि समासात पेन्सिलीनं एकाखाली एक नावं येतात: राजेंद्र प्रसाद, राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, फक्रुद्दीन अली अहमद, संजीव रेड्डी, झैलसिंग, व्यंकटरामन, शंकर दयाळ शर्मा. त्यापुढचे दोन, नारायणन आणि कलाम, पप्पांच्या हातचे. प्रत्येक नावावर बारीक रेघ. कलामांवर नाही, कारण त्यांच्या कारकिर्दीत आम्ही ठाणं सोडलं आणि पुस्तक कपाटात गेलं.

आणीबाणीत एका तरुणानं आजोबांना विचारलं होतं, आता यांच्यासाठी कशाला म्हणायचं? आई सांगते, आजोबा एवढंच म्हणाले, “अक्कल देवानं द्यावी म्हणून तर मागतो आपण. ज्याला आहे त्याच्यासाठी काय मागायचं?”

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवला.

आता कागदपत्रं. सदस्यांच्या कार्यालयाकडून चॅप्लिनच्या कार्यालयाला शिफारशीचं पत्र जातं, आपण थेट अर्ज करत नाही. आपल्याकडून लागतो थोडक्यात परिचय, सोयीच्या तारखा आणि स्मिखेचा, म्हणजे अधिकृत धर्मदीक्षेचा, पुरावा. ही अट कडक आहे. नुसती भक्ती किंवा वर्षानुवर्षांची सेवा पुरत नाही, आपल्या धर्मातल्या मान्य संस्थेनं दीक्षा दिलेली लागते.

माझं प्रमाणपत्र हिब्रूत. त्यावर माझं हिब्रू नाव, अमक्याची मुलगी असं, आडनाव नाहीच. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि लग्नानंतरचं आडनाव. परिचयात मी सवयीनं माहेरचं आडनाव लिहिलं होतं. म्हणजे तीन कागदांवर तीन बायका. आपल्याकडच्या माणसांना हा प्रकार नवा नाही. मी प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं (४५ डॉलर), ही तिन्ही नावं माझीच असं प्रतिज्ञापत्र केलं (नोटरी बँकेत फुकट झाली), आणि जिथे शिकले तिथून पत्र मागवलं. ते पत्र यायला पाच आठवडे लागले. मी दर सोमवारी फोन करायचे, दर सोमवारी ‘या आठवड्यात नक्की’ ऐकायचे. शेवटी ओळखीच्या एका जुन्या शिक्षिकेनं स्वतः जाऊन सही घेतली. तेव्हा सांगणं एवढंच, बोलावण्याची वाट पाहू नका. दीक्षेचं पत्र, सध्याच्या पासपोर्टवरच्या नावानं, आजच मागवून ठेवा.

डिसेंबरच्या मध्याला, हनुक्का सणाच्या सुमारास, मंजुरी आली आणि फेब्रुवारीतली एक तारीख मिळाली. सोबत नियम. मजकूर जास्तीत जास्त दीडशे शब्दांचा. आधी लिहून पाठवायचा आणि तोच वाचायचा. त्यात स्वतःची राजकीय मतं नकोत, पक्षाचं काही नको, पंथापंथांतले वाद नकोत, देशाच्या अंतर्गत किंवा परराष्ट्र धोरणाकडे बोट दाखवणारं काही नको. ऐकणारे अनेक धर्मांचे आहेत हे लक्षात ठेवायचं.

ठाण्याच्या चुलतभावाला हे सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न: “अगं, पण संसदेत प्रार्थना? तिकडे तर धर्म आणि सरकार वेगळं ना?” आपल्या लोकसभेत ‘वंदे मातरम्’ होतं, पण प्रार्थना म्हणायला पुरोहित, मौलवी किंवा रब्बी येत नाही, त्यामुळे त्याचं आश्चर्य बरोबर होतं. इथे १७८९ पासून, पहिल्या काँग्रेसपासून, चॅप्लिन आहे. नेब्रास्काच्या विधिमंडळातल्या प्रार्थनेवर खटला झाला, तेव्हा १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही जुनी चाल म्हणून मान्य केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावाच्या खटल्यात पुन्हा तसाच निकाल आला, पाच विरुद्ध चार. त्या गावाच्या सभेतल्या प्रार्थनांना हरकत घेणाऱ्या दोघींपैकी एक यहुदी होती.

हे मला माहीत होतं, कारण आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर वकिलांनी निकालपत्राची प्रत आणून माझ्या हातात दिली. त्यांना हे सगळं पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की ज्या सभागृहात कायदे होतात तिथे कुठल्याच धर्मानं देवाचं नाव घेऊ नये, आपण अल्पसंख्याकांनी तर नाहीच. आज तुला बोलावलं म्हणून गोड वाटतंय, उरलेले दिवस दुसऱ्यांची प्रार्थना ऐकत गप्प उभं राहायचं ते कुणी? मी त्यांचं म्हणणं खोडू शकले नाही. आजही खोडता येणार नाही. मी त्यांना इतकंच म्हटलं, की दार उघडं आहे तोवर आपलीही प्रार्थना तिथे ऐकू जावी असं मला वाटतं, आणि माझा मसुदा तुम्ही तपासा. ते हो म्हणाले. पूर्ण कामात मला सर्वांत मोठी मदत त्यांचीच झाली.

पहिला मसुदा ३११ शब्दांचा झाला. त्यात सगळं होतं, नवगाव, ठाणं, आजोबा, तोरातली तीन वचनं, या देशाचे आभार. दीडशेवर आणायला तीन आठवडे गेले. रोज रात्री भांडी आवरली की मी टेबलाशी बसायचे, मुलगी मोबाइलवर वेळ लावायची. आधी विशेषणं गेली. मग आभार गेले, कारण ते भाषण वाटत होतं. मग नवगाव गेलं. ते काढताना माझ्या पोटात तुटलं.

दुसऱ्या मसुद्यावर वकीलसाहेबांनी तीन ठिकाणी गोल केले. तिन्ही ठिकाणी मी ‘यांना सुबुद्धी दे’ असं काहीतरी लिहिलं होतं. ते म्हणाले, “हन्नोतेन तेशुआ राजासाठी होती. राजा आपण निवडला नव्हता, म्हणून त्याच्यासाठी मागायचं. यांना तर तुम्ही-आम्ही मत देऊन पाठवलंय. मग सुबुद्धी एकट्या त्यांनाच का हवी?”

त्या प्रश्नानं माझं लिखाण मार्गी लागलं. मी इथल्या सिद्दुरांतली प्रार्थना पुन्हा वाचली. लुई गिन्झबर्ग नावाच्या थोर पंडितानं १९२७ साली अमेरिकेतल्या यहुद्यांसाठी ती नव्यानं हिब्रूत लिहिली. त्यात राजा नाही, कुणाचं नाव नाही. आमच्या देशासाठी, त्याच्या सरकारासाठी आमची प्रार्थना दयेनं स्वीकार, अशी ती सुरू होते, आणि पुढे इथे राहणाऱ्या सगळ्या जातीधर्मांच्या लोकांत बंधुभाव मागते. ठाण्याच्या समासातल्या पेन्सिलीच्या नावांकडून या बिननावाच्या प्रार्थनेकडे येताना मला पहिल्यांदा कळलं की लोकशाहीत प्रार्थनेतला कर्ता बदलतो. मी तिन्ही ठिकाणी ‘यांना’ खोडून ‘आम्हांला’ केलं.

शेवटी यिर्मयाचं वाक्य हिब्रूत ठेवायचं ठरवलं: ‘की बिश्लोमा यिह्ये लाखेम शालोम’, त्या नगराच्या शांतीत तुमची शांती. हिब्रू चालेल का हे आधी विचारून घेतलं. सोबत इंग्रजी अर्थ द्या, असं उत्तर आलं. शब्द मोजताना मी हिब्रू आणि अर्थ दोन्ही धरले. एकूण १४८.

ओळखीच्या एकीनं सुचवलं की मराठीत एक ओळ घाल. मोह झाला. पण मराठीची ओळ अर्थासकट घालायची तर यिर्मया काढावा लागत होता, आणि तिथे यिर्मया हवाच होता.

फेब्रुवारीची तारीख आली आणि चार दिवस आधी रद्द झाली. गृहाचं वेळापत्रक बदललं होतं, त्या आठवड्यात बैठकच नव्हती. कुणाची चूक नाही, तिथे हे नेहमीचं आहे. पण मी हॉटेल परत न मिळणाऱ्या दरानं घेतलं होतं, त्याचे १८० डॉलर गेले. दहा-वीस डॉलर जास्त पडले तरी रद्द करता येणारी खोलीच घ्या. नंतर दहा आठवडे काहीच कळलं नाही. मला वाटलं, राहिलं ते. पेसाहचा सण झाला. घर धुऊन-पुसून पुन्हा नेहमीची भांडी लागली, आणि एप्रिलच्या शेवटी मेल आली: मे, बुधवार.

आईनं त्याच दिवशी एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया संदेष्ट्याला, नवस बोलला. नीट पार पडलं तर मलिदा.

मंगळवारी दुपारी आम्ही तिघी, आई, मी आणि मुलगी, मेट्रोपार्कहून ॲमट्रॅकनं निघालो. साधारण तीन तास. तिघींचं जाऊन-येऊन ३४२ डॉलर, हॉटेलची रात्र करासकट २५१. यातलं काही परत मिळत नाही, मानधन नसतं, ते आधी समजून निघावं. सिनेगॉगनं तिकिटाचे पैसे देऊ केले होते, मी घेतले नाहीत.

कपड्यांचा प्रश्न मी महिनाभर घोळवला होता. ठाण्यात बायका डोक्यावर पदर घेऊन बसतात, तसंच उभं राहायचं माझ्या मनात होतं. प्रतिनिधीगृहात डोक्यावर टोपी घालायला १८३७ पासून बंदी होती. २०१९ मध्ये नियम बदलून धार्मिक कारणानं डोकं झाकायला मोकळीक मिळाली. तरी मी विचारून घेतलं. मोतिया रंगाची साधी चंदेरी नेसले आणि पदर पिनांनी बसवला. लेक्टर्नवर, म्हणजे वाचायच्या उंच मेजावर, वाकलं की पदर घसरतो, हे घरी सराव करताना कळलं होतं. साडी नेसून वाचणार असाल तर त्याच साडीत, उभ्यानं, सराव करा.

सकाळी साडेनऊला पोचलो. आईनं चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती, कारण बाहेर कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारं खाणं, मिळेल न मिळेल. पण आत खाणं नेता येत नाही, पाण्याची भरलेली बाटलीही नाही. आम्ही बाहेर बाकावर बसून, सव्वानऊला न्याहारी झालेली असतानाही, डबा संपवला. सज्जात बसणाऱ्यांना सदस्यांच्या कार्यालयातून पास घ्यावे लागतात. सज्जात फोन, कॅमेरा, कुठलंच इलेक्ट्रॉनिक चालत नाही, ते बाहेर जमा करायचं. घरच्यांना फोटो काढायची हौस असेल तर ती तिथे भागणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. टाळ्याही वाजवायच्या नाहीत. आईनं सिद्दुर नेलं होतं. तपासणीतल्या माणसानं ते उलटंपालटं करून पाहिलं, पिवळी पानं बघून जपून परत दिलं. “मांडीवर बंद ठेवा,” एवढं बोलला.

चॅप्लिनच्या कार्यालयात मला बसवलं, पाणी दिलं, कुठून चढायचं, कुठे थांबायचं, हातोडा वाजला की किती पावलं चालायचं ते सांगितलं. माझ्या मजकुराची मोठ्या अक्षरातली प्रत तयार होती. माझे हात गार पडले होते. तिथल्या एका बाईंनी विचारलं, की तुमच्याआधी इथे उभे राहिलेल्या रब्बींबद्दल ठाऊक आहे का. ठाऊक होतं. मॉरिस राफॉल, न्यूयॉर्कच्या बनाय जेशुरुन सिनेगॉगचे रब्बी, १ फेब्रुवारी १८६०. त्या वेळी गृहात अध्यक्षच निवडता येत नव्हता. गुलामगिरीवरून गृह असं फुटलं होतं की जवळजवळ दोन महिने मतदानं चालली होती. राफॉल डोक्यावर मखमली टोपी आणि अंगावर तालित, म्हणजे प्रार्थनेची शाल, घेऊन उभे राहिले. त्याच दिवशी, चव्वेचाळिसाव्या मतदानात, न्यू जर्सीचे विल्यम पेनिंग्टन अध्यक्ष झाले. वर्षभरानं देश यादवीत गेला. प्रार्थनेनं युद्ध टळलं नाही. हे मला नेहमी आठवतं आणि ते झाकावंसं वाटत नाही. आणि दुसरी आठवण सॅली प्रिसँड यांची, अमेरिकेत रब्बी झालेल्या पहिल्या बाईंची. ऑक्टोबर १९७३ मध्ये त्या याच गृहात प्रार्थनेला उभ्या राहिल्या. त्यांच्याआधी इथे कुठल्याच यहुदी बाईनं ती म्हटली नव्हती.

बारा वाजले. हातोडा पडला, सगळे उभे राहिले. ‘सगळे’ म्हणजे किती, हे सांगून ठेवते, नाहीतर धक्का बसेल. सदस्य ४३५, पण प्रार्थनेच्या वेळी बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. त्या दिवशी मला पंचवीस-तीस माणसं दिसली, त्यात कर्मचारीही आले. मन खट्टू करू नये. शनिवारी सकाळी आमच्याकडे तरी वेळेवर कितीजण येतात.

मी चौथऱ्यावर उभी राहिले, कागद सरळ केला आणि मान वर केली. समोर, सज्जाच्या दारावर, मोशे.

हे मी वाचलं होतं, तरी छातीत धस्स झालं. सभागृहाच्या भिंतींवर वर सगळीकडे कायदे देणाऱ्या तेवीस जणांची संगमरवरी शिल्पं आहेत, १९५० च्या सुमाराला बसवलेली. हम्मुराबी आहे, सोलोन आहे, सुलतान सुलेमान आहे, आमचे थोर धर्मपंडित रामबाम, म्हणजे मायमोनिदीस, आहेत. बावीस जणांचे चेहरे एका बाजूनं कोरलेले, अकरा इकडून, अकरा तिकडून, सगळ्यांची नजर मधल्या एकाकडे. तो एकटाच पूर्ण समोरून, ज्याच्या हातून आम्हांला तोरा मिळाली तो. मोशे रब्बेनू. अध्यक्षांच्या चौथऱ्यावरून मान वर केली की बरोबर त्याच्या डोळ्यांत पाहिलं जातं. आणि सज्जात, त्याच्या डाव्या हाताला जरा खाली, डोक्यावर पदर घेतलेली माझी आई. ती वर, मी खाली तेब्यावर.

मी वाचायला लागले. पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीपासून आवाज लागला, कारण तिथून मी नकळत आजोबांच्या चालीवर आले होते. इंग्रजी शब्द, पण थांबायच्या जागा ठाण्याच्या. प्रार्थनेतला मधला भाग मराठीत साधारण असा होतो:

“आमच्या हातून जे नियम लिहिले जातील ते वाचता न येणाऱ्याच्याही घरी पोचतात, याची आम्हांला आठवण ठेव. जो आमच्याशी सहमत नाही त्याचं ऐकायला आम्हांला धीर दे. परक्या गावाहून आलेल्याला इथे दार उघडं मिळालं, हे दार आमच्या हातून कधी बंद न होवो.”

शेवटचं वाक्य चॅप्लिनच्या कार्यालयाला खटकेल, धोरणाकडे बोट दाखवतंय म्हणतील, अशी मला भीती होती. कुणी काही म्हटलं नाही. पण तशी सूचना आलीच असती तर बदलायला एक पर्यायी ओळ मी तयार ठेवली होती. तुम्हीही ठेवा.

मग यिर्मया, आधी हिब्रूत, मग अर्थ. आणि ‘वनोमर आमेन’, आपण म्हणू या आमेन. खालून काही आवाज आले, आमेन. वरून एक आला, जरा उशिरा आणि ओळखीचा.

पुढचं भराभर झालं. आधीच्या दिवसाच्या नोंदी मंजूर झाल्या, ध्वजाची प्रतिज्ञा झाली, मग आमच्या सदस्यांनी एका मिनिटात माझी ओळख करून दिली. त्यात त्यांनी ‘कोकण’ हा शब्द बरोबर उच्चारला. आदल्या आठवड्यात त्यांच्या कार्यालयातल्या मुलीनं फोन करून माझ्याकडून तो तीनदा म्हणवून घेतला होता. तुमच्या नावागावाचे उच्चार असे आधीच पाठवून ठेवा, हवं तर आवाज रेकॉर्ड करून.

दुसऱ्या दिवशी काँग्रेसच्या अधिकृत कामकाज-वृत्तात माझी प्रार्थना छापून आली, शब्दन् शब्द. ती कुणालाही पाहता येते, गृहाचं चित्रीकरणही मिळतं. वकीलसाहेबांनी ते पाहिलं. अजून त्यांचं मत तेच आहे. “आम्हांला तीनदा आलं, मी मोजलं,” असं मात्र म्हणाले.

रविवारी नवस फेडला. ओक ट्री रोडवरून पातळ पोहे, गूळ, तीन नारळ आणले. आईनं पोहे भिजवून गूळ-खोबरं कालवलं, वर वेलची, भोवती पाच फळं. मलिद्याचं मोठं ताट भरलं. घरात एलियाहू हनाबीचं गाणं झालं. शेजारच्या पंजाबी कुटुंबाला आणि वकीलसाहेबांना वाटीभर पोचवला.

पण माझ्या मनात राहिलंय ते बुधवारचं संध्याकाळचं परतीचं. गाडी बाल्टिमोरच्या पुढे गेली होती, मुलगी झोपली होती. आईनं सिद्दुर उघडलं, पर्समधून चष्मा काढला, मग पेन्सिल.

“कलामांनंतर कोण झालं गं?”

“प्रतिभाताई पाटील.”

तिनं कलामांच्या नावावर बारीक रेघ ओढली आणि खाली लिहिलं. गाडी हलत होती, अक्षर वाकडं येत होतं.

“मग?”

“प्रणव मुखर्जी. मग कोविंद.”

“थांब, सावकाश सांग.” तिनं दोन्ही नावं लिहिली, आधीच्यांवर रेघा ओढल्या. समास जवळजवळ संपला होता. “आणि आत्ता?”

“द्रौपदी मुर्मू.”

पानाच्या अगदी तळाशी उरलेल्या जागेत, दोन ओळी करून, ते नाव मावलं.